इटालिक स्लॅब-सेरिफ : घडण, स्वभाव आणि उपयोग

५.१ प्रास्ताविक



मुद्रितशोधनाच्या खुणा आपण मागील घटकात अभ्यासल्या. शब्दाखाली एक आडवी रेघ ओढली म्हणजे तो शब्द इटालिकमध्ये जुळवावा, ही खूण तुमच्या स्मरणात असेल. रेघ ओढणे सोपे आहे. त्या रेघेने आपण जुळाऱ्याकडे नेमके काय मागतो, हे सांगणे मात्र तितके सोपे नाही. बहुतेक विद्यार्थी ‘तिरपे अक्षर’ असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. ते अपुरे का, हे ज्या ठशात सर्वांत स्वच्छ दिसते तो ठसा या घटकासाठी मुद्दाम निवडला आहे. त्याचे नाव इटालिक स्लॅब-सेरिफ.

मराठीच्या अभ्यासक्रमात रोमन लिपीच्या ठशाला स्थान कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर व्यवहारातले आहे. कोश, संशोधनपत्रिका, द्वैभाषिक पाठ्यपुस्तके आणि अनुवादित ग्रंथ यांचे संपादन करताना मराठी पानावर रोमन लिपीचा मजकूर येतोच, आणि तो कोणत्या ठशात बसवावा याचा निर्णय संपादकाला घ्यावा लागतो. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. संगणकाच्या पडद्यावर अक्षर तिरपे करणारे जे बटण आपण रोज वापरतो ते रोमन लिपीच्या परंपरेतून आलेले आहे, आणि आपण ते देवनागरीवर निःशंकपणे दाबतो. त्या बटणामागची परंपरा समजल्याशिवाय ते कुठे दाबावे आणि कुठे दाबू नये हे ठरवता येत नाही.

परिभाषेविषयी एक खुलासा येथेच करतो. मुद्रणव्यवहारात ‘रोमन’ हा शब्द दोन अर्थांनी येतो : इंग्रजी ज्या लिपीत लिहितात ती लिपी, आणि त्या लिपीचा सरळ उभा ठसा. गोंधळ टाळण्यासाठी लिपीला आपण ‘रोमन लिपी’ म्हणू आणि सरळ ठशाला ‘उभा ठसा’ म्हणू.

५.२ स्लॅब-सेरिफ : उगम आणि ओळख

रोमन लिपीतील अक्षराची मुख्य रेषा जिथे संपते तिथे पुष्कळ ठशांत एक छोटी आडवी पट्टी असते. तिला सेरिफ म्हणतात. पुस्तकी ठशांत ही पट्टी बारीक असते आणि उभ्या रेषेला हलक्या वळणाने मिळते. ‘स्लॅब’ हा शब्द मराठी माणसाला घरबांधणीतून परिचित आहे. घरावर टाकलेला स्लॅब जसा सपाट, सारख्या जाडीचा आणि काटकोनात कापलेला असतो, तशीच या ठशाची सेरिफ असते. तिची जाडी उभ्या रेषेच्या जाडीइतकी किंवा तिच्या जवळपास असते. शिवाय अक्षराच्या सर्वच रेषा जवळजवळ एका जाडीच्या असतात. पुस्तकी ठशात उभी रेषा जाड आणि जोडरेषा केसासारखी बारीक, असा जो चढउतार असतो, तो येथे फारच कमी असतो.

हा ठसा पुस्तकासाठी जन्मलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जाहिरातींचा बाजार वाढला. भिंतीवरच्या पत्रकाला दुरून दिसणारे अक्षर हवे होते. व्हिन्सेंट फिगिन्स या ओतकारागिराने १८१५ च्या सुमारास असा ठोकळ पायांचा ठसा बाजारात आणला आणि त्याला ‘अँटिक’ हे नाव दिले. पुढे अशा ठशांना ‘इजिप्शियन’ म्हणण्याचा प्रघात पडला. नेपोलियनच्या इजिप्तवरील मोहिमेनंतर युरोपात त्या देशाविषयी जे कुतूहल उसळले होते, त्याचा हा परिणाम. इजिप्तच्या लिपीशी या अक्षरांचा काहीही संबंध नाही. तरीही नावाची हौस शतकभर टिकली, कारण विसाव्या शतकातही ‘मेम्फिस’, ‘कर्नाक’ अशा नावांचे स्लॅब-सेरिफ ठसे निघाले.

१८४५ मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट ओतशाळेतून रॉबर्ट बेस्ली यांनी ‘क्लॅरेंडन’ हा ठसा प्रसिद्ध केला. त्याची सेरिफ जाड असली तरी उभ्या रेषेला वळणाने मिळत होती, आणि तो साध्या पुस्तकी ठशाच्या ओळीतच बसेल अशा बेताने कोरलेला होता. त्यामुळे चालू मजकुरात एखादा शब्द ठळक करण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. जाहिरातीत जन्मलेले अक्षर अशा रीतीने कोशाच्या पानात शिरले. नोंदीचा मुख्य शब्द ठळक, व्याकरणाची माहिती साध्या ठशात आणि उदाहरण इटालिकमध्ये, ही कोशाची मांडणी तुम्ही अनेकदा पाहिली असेल. लक्षात घ्या, या मांडणीत स्लॅब आणि इटालिक शेजारी आहेत, पण वेगवेगळ्या ठशांतून आलेले आहेत. एकाच कुटुंबात ते दोघे नांदावेत ही मागणी नंतरची आहे, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

५.३ इटालिक : कल की वळण?

ती अडचण समजण्यासाठी इटालिकचा उगम पाहू. व्हेनिस येथील आल्दुस मानुतिउस या प्रकाशकासाठी फ्रांचेस्को ग्रिफो यांनी पहिला इटालिक ठसा कोरला, आणि १५०१ मध्ये व्हर्जिलच्या कवितांचे पुस्तक सबंध त्या ठशात छापले गेले. म्हणजे आरंभी इटालिक हा कोणाचा सोबती नव्हता. संपूर्ण पुस्तक वाहून नेणारा तो एक स्वतंत्र ठसा होता. त्याचा आदर्श होता तो तत्कालीन इटलीतील विद्वानांचा आणि दफ्तरांतील लेखनिकांचा जलद हात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या पहिल्या इटालिकमधील कॅपिटल अक्षरे तिरपी नव्हती, सरळ उभी होती. कल ही इटालिकची व्याख्या असती, तर पहिला इटालिकच त्या व्याख्येत अर्धा बसला नसता.

मराठी वाचकाला हे समजावून देण्यासाठी आपल्या घरातच एक उदाहरण आहे. बाळबोध आणि मोडी यांचा संबंध आठवून पाहा. मोडी म्हणजे तिरपी केलेली बाळबोध नव्हे. हात न उचलता, भराभर, दफ्तराच्या गरजेने लिहिताना अक्षरांची अंगे बदलली, काही रेषा गळाल्या, काही एकमेकींत मिसळल्या आणि वेगळी रूपे तयार झाली. इटालिकचेही असेच आहे. उभ्या ठशातील स्मॉल ‘ए’ दुमजली असतो, म्हणजे खाली पोट आणि वर छपरासारखे वळण. इटालिकमध्ये तो एकमजली होतो, कारण जलद हात वरचा मजला बांधत बसत नाही. ‘एफ’ पुष्कळदा आपला पाय ओळीखाली सोडतो. ‘एन’चा शेवट उजवीकडे उचललेल्या फटकाऱ्याने होतो. अर्थात ही तुलना फार ताणू नये. मोडी ही व्यवहारात स्वतंत्र लिपी ठरली, तर इटालिक रोमन लिपीतच राहिला आणि पुढच्या काळात उभ्या ठशाच्या हाताखाली काम करू लागला.

तेव्हा इटालिकमध्ये तीन गोष्टी असतात : अक्षराचे बदललेले रूप, त्याची कमी झालेली रुंदी आणि कल. या तिन्हींत कल सर्वांत सहज दिसतो, म्हणून तोच सर्वस्व वाटतो. या समजाला विद्वानांचाही पाठिंबा मिळाला होता. ब्रिटिश मुद्रणतज्ज्ञ स्टॅन्ली मॉरिसन यांनी १९२६ मध्ये ‘द फ्लरन’ या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, आदर्श इटालिक म्हणजे उभ्या ठशालाच दिलेला कल. तर्काला धरून ते नीटनेटके होते. एकाच कुटुंबातील दोन रूपांत शक्य तितके साम्य असावे, हा त्यामागचा विचार. पण त्याच मॉरिसन यांच्या देखरेखीखाली १९३२ मध्ये जो ‘टाइम्स न्यू रोमन’ आला त्याच्या इटालिकमधील ‘ए’ एकमजली आहे, हे तुम्ही आज कोणत्याही संगणकावर तपासू शकता. माझ्या मते मॉरिसन यांच्या लेखापेक्षा त्यांचा हा ‘ए’ अधिक पटणारा आहे.

५.४ ठोकळ पायाच्या अक्षराला कल देताना

आता या घटकाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवा, त्याच्या बाजूवर पेनाने एक वर्तुळ काढा आणि कॅट वरून हलकेच उजवीकडे सरकवा. प्रत्येक पत्ता आडवाच राहतो, पण कॅट तिरपा होतो. संगणक अक्षराला कल देतो तो नेमका असाच. आडव्या रेषा आडव्याच राहतात, उभ्या रेषा झुकतात. तुम्ही काढलेल्या वर्तुळाकडे आता पाहा. ते नुसते झुकलेले नाही, तर एका कर्णावर लांबले आहे आणि दुसऱ्या कर्णावर दबले आहे.

सारख्या जाडीच्या रेषेने काढलेल्या ‘ओ’ला असा १२ अंशांचा कल दिला, तर वरच्या उजव्या आणि खालच्या डाव्या अंगाला रेषा सुमारे १० टक्के जाड होते. वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या अंगाला ती जवळजवळ तेवढीच बारीक होते. साधे भूमितीचे गणित मांडून हे पडताळता येते. पुस्तकी ठशात मुळातच जाड-बारीक असा चढउतार असल्यामुळे ही विकृती त्यात खपून जाते. स्लॅब-सेरिफमध्ये ती लपायला जागाच नाही. सगळ्या रेषा सारख्या, हे ज्या अक्षराचे ब्रीद, त्याच्या पोटात अचानक सूज आणि खळगा दिसू लागतो. म्हणूनच खोटा इटालिक ओळखायला शिकायचे असेल, तर स्लॅब-सेरिफवर शिकावे.

दुसरी अडचण पायांची आहे. उभ्या ठशात उभी रेषा आपल्या पट्टीच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना काटकोन करून उभी असते. ती झुकली की पायथ्याशी उजवीकडचा कोन अरुंद होतो आणि डावीकडचा पसरतो. माथ्याशी याच्या उलट घडते. लहान आकारात अरुंद कोन बुजतो. कागदावर तिथे शाई साचते, पडद्यावर तिथे करडा ठिपका दिसतो. पट्टी जितकी जाड, तितका हा दोष ठळक.

पण या दोन्हींपेक्षा मोठी अडचण स्वभावाची आहे. दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली पट्टी ही उभ्या राहिलेल्या अक्षराची खूण आहे. ते अक्षर जमिनीवर पाय रोवून थांबलेले असते. चालत्या हाताने लिहिलेल्या अक्षराला असा पाय नसतो. लेखणी एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते. थांबण्याची खूण आणि चालण्याचे वळण एकाच अक्षरात घालायचे, हा इटालिक स्लॅब-सेरिफचा मूळ पेच आहे. रचनाकारांनी तो दोन रीतींनी सोडवला.

पहिली रीत म्हणजे उभ्या ठशालाच कल देणे आणि मग बिघडलेली वळणे हाताने दुरुस्त करणे. मोनोटाइप कंपनीचा १९३४ चा ‘रॉकवेल’ किंवा आद्रियान फ्रुटिगर यांचा १९६७ चा ‘सेरिफा’ यांची इटालिक रूपे या वळणाची आहेत. पाय दोन्हीकडे पसरलेलेच राहतात, ‘ए’ दुमजलीच राहतो. या रीतीला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. रॉकवेलचा उभा ठसा कंपास आणि पट्टी यांनी आखल्यासारखा आहे. त्यात लेखणीचा मागमूस नाही, त्यामुळे त्याच्या शेजारी लपेटीदार इटालिक बसवला तर तो परक्या घरातून आल्यासारखा दिसेल. मथळ्यात आणि वेष्टनावर हा झुकलेला ठोकळ ठसा जोरकस दिसतो. मात्र चालू मजकुरात, दहा पॉइंटांच्या आकारात, तो उभ्या ठशापासून पुरेसा वेगळा पडत नाही. वाचक तो शब्द ओलांडून जातो, आणि वेगळेपणाची खूण करण्याचा हेतूच बाजूला राहतो.

दुसऱ्या रीतीत पट्टीची जाडी राखतात आणि तिची दुहेरी मांडणी सोडून देतात. अक्षराच्या आरंभी, वर डावीकडे, एक सपाट कापलेली अर्धी पट्टी येते आणि शेवटी, खाली उजवीकडे, दुसरी. मधल्या रेषांना पाय नसतो. स्मॉल ‘एन’ घ्या. उभ्या स्लॅब ठशात त्याला तीन पट्ट्या असतात, माथ्याची एक आणि पायांच्या दोन. लेखणीच्या वळणाच्या इटालिकमध्ये त्यातील पहिल्या पायाची पट्टी जाते आणि दुसऱ्या पायाची अर्धीच उरते. तरीही उरलेल्या पट्टीचे वजन आणि तिची चौकोनी काप तीच असल्यामुळे हा त्याच कुटुंबातला इटालिक आहे हे डोळ्याला पटते. येथे कल अगदी थोडा असला तरी चालतो, कारण वेगळेपणाचा भार रूपाने आणि रुंदीने उचललेला असतो.

५.५ दोन उदाहरणे : जोआना आणि सेसिलिया

दुसऱ्या रीतीचा एक जुना आणि धीट नमुना म्हणजे एरिक गिल यांचा ‘जोआना’. गिल हे दगडावर अक्षरे कोरणारे ब्रिटिश शिल्पकार. १९३० मध्ये त्यांनी हा ठसा आखला, आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे मुद्रणकलेवरील पुस्तक त्याच ठशात छापले गेले. जोआनाच्या पट्ट्या हलक्या आहेत, त्यामुळे काही अभ्यासक त्याला स्लॅब-सेरिफच्या सीमेवर ठेवतात. पण त्या सपाट आणि काटकोनी आहेत, हे निर्विवाद. त्याच्या इटालिकचा कल इतका कमी आहे की सुटे अक्षर पाहिले तर ते सरळच वाटावे. मात्र ते अरुंद आहे, आणि त्याचे रूप लेखणीचे आहे. मूळ रचनेत गिल यांनी या इटालिकसोबत सरळ उभी कॅपिटल अक्षरेच वापरली. आल्दुसच्या पहिल्या इटालिकची आठवण येथे व्हावी. जोआनातील एक इटालिक शब्द ओळीत चटकन वेगळा दिसतो, आणि का वेगळा दिसला हे सांगायला वाचकाला क्षणभर थांबावे लागते.

दुसरा नमुना अलीकडचा आहे, आणि तुमच्यापैकी काहींनी तो नकळत वाचलाही असेल. नेदरलँड्समधील हेग येथील राजकीय कला अकादमीत गेरिट नोर्डझाइ हे अक्षरलेखनाचे शिक्षक होते. छापील अक्षराची घडण समजण्यासाठी लेखणीच्या फटकाऱ्याकडे पाहावे, ही त्यांच्या अध्यापनाची बैठक होती. त्यांचे पुत्र पीटर मॅथियस नोर्डझाइ यांनी विद्यार्थिदशेत १९८३ च्या सुमारास एका स्लॅब-सेरिफची रेखाटने केली. १९९० मध्ये लायनोटाइप कंपनीने तो ठसा ‘पीएमएन सेसिलिया’ या नावाने प्रसिद्ध केला. तोवर स्लॅब-सेरिफ म्हटले की कंपासपट्टीचे अक्षर अशी समजूत होती. सेसिलियात रेषा जवळजवळ सारख्या जाडीच्या आहेत, पट्ट्या ठोकळ आहेत, पण अक्षराचा सांगाडा हाताने लिहिलेल्या अक्षराचा आहे. उभ्या ठशातच लेखणी मुरलेली असल्यामुळे तिच्यातून इटालिक सहज निघतो. एकमजली ‘ए’, अर्धी पट्टी, अरुंद अंग आणि अल्प कल ही वर सांगितलेली सगळी लक्षणे त्यात एकत्र पाहता येतात.

५.६ उपयोग

सेसिलियाची खरी परीक्षा कागदावर झाली नाही, पडद्यावर झाली. २००७ मध्ये अमेझॉनने ‘किंडल’ हे पुस्तक वाचण्याचे उपकरण आणले तेव्हा त्याच्या मजकुरासाठी हाच ठसा निवडला, आणि कित्येक वर्षे तो तिथे राहिला. पहिल्या किंडलचा पडदा सहा इंचांचा होता. एका इंचात १६७ ठिपके आणि करड्या रंगाच्या केवळ चार छटा इतकीच त्याची ऐपत. अशा पडद्यावर पुस्तकी ठशातील केसासारख्या रेषा तुटतात, आणि इटालिकमध्ये तर अधिकच, कारण तिरपी बारीक रेषा चौकोनी ठिपक्यांवरून पायऱ्या पायऱ्यांनी उतरते. स्लॅब-सेरिफमध्ये केसासारखी रेषाच नसते. आणि इटालिकचा कल थोडा असेल, तर पायऱ्याही कमी पडतात. कादंबरीत पात्राच्या मनातले विचार, पत्रातील मजकूर, परभाषेतील शब्द इटालिकमध्ये देण्याची इंग्रजी प्रथा आहे. तो मजकूर अशा पडद्यावर वाचता येणे ही केवळ शोभेची बाब नव्हती.

छापील माध्यमात या ठशाचा उपयोग वृत्तपत्रे, नियतकालिके आणि पाठ्यपुस्तके यांत विशेष होतो. लंडनच्या ‘द गार्डियन’ने २००५ मध्ये आपले रूप बदलले तेव्हा पॉल बार्न्स आणि क्रिश्चन श्वार्ट्झ यांनी त्याच्यासाठी ‘गार्डियन इजिप्शियन’ हे मोठे कुटुंब घडवले. त्यात उभ्या रूपांबरोबर इटालिक रूपेही आहेत. वृत्तपत्राला अशा कुटुंबाची गरज का भासते, हे समजणे कठीण नाही. हलका कागद, वेगवान छपाई आणि एका पानावर बातमी, अवतरण, छायाचित्राची ओळ व लेखकाचा परिचय असे अनेक आवाज. जाड पट्टीचे अक्षर खडबडीत छपाई सोसते आणि इटालिकमुळे आवाज बदलता येतो.

ठळक ठसा आणि इटालिक ठसा यांच्या कामातील फरक येथेच समजून घ्यावा. ठळक शब्द पान उघडताच दिसतो, वाचनाला आरंभ होण्यापूर्वीच. इटालिक शब्द डोळा त्या ओळीत पोहोचल्यावर दिसतो. म्हणून कोशात शोधायचा शब्द ठळक असतो आणि वाक्यातील भर द्यायचा शब्द इटालिक. ग्रंथनाम, वनस्पती व प्राणी यांची शास्त्रीय नावे, भाषाविज्ञानाच्या लेखनात चर्चेला घेतलेला शब्द, यांसाठी रोमन लिपीत इटालिकच योजतात. सबंध पान मात्र इटालिकमध्ये लावू नये. आल्दुसच्या काळी ते चालले, कारण तेव्हाचा वाचक तशा हाताला सरावलेला होता. आजचा डोळा त्याने थकतो.

टंकलेखनयंत्राची गोष्ट थोडी वेगळी, पण सांगण्याजोगी आहे. या यंत्रात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. ‘एम’ला जितकी, तितकीच ‘आय’ला. अरुंद ‘आय’भोवतीची रिकामी जागा भरून काढायला लांब आडव्या पट्ट्या फार उपयोगी पडतात. म्हणून टंकलेखनयंत्राचे अक्षर बहुधा स्लॅब-सेरिफच असते. आयबीएमसाठी हॉवर्ड केटलर यांनी १९५० च्या दशकात केलेला ‘कुरिअर’ त्याचा सर्वांत परिचित नमुना. पण साध्या यंत्रात एकच अक्षरसंच असे, त्यात इटालिक नसे. लेखक इटालिकऐवजी शब्दाखाली रेघ मारत आणि छापखान्यात ती रेघ इटालिकमध्ये बदलली जाई. आरंभी ज्या खुणेचा उल्लेख केला ती खूण हस्तलिखितांच्या रूढीतली, पण टंकलेखनयंत्राने ती घरोघरी पोहोचवली. १९६१ मध्ये आयबीएमने ‘सिलेक्ट्रिक’ हे यंत्र आणले. त्यात अक्षरे एका गोळ्यावर होती आणि गोळा बदलता येत असे. तेव्हा कुठे टंकलेखकाला, गोळा काढून दुसरा बसवण्याचे कष्ट घेतले तर, ओळीच्या मध्येच इटालिक शब्द उमटवता येऊ लागला.

५.७ देवनागरीच्या पानावर

आता प्रास्ताविकातील बटणाकडे परत येऊ. संगणकावर देवनागरी शब्द निवडून तुम्ही इटालिकचे बटण दाबता तेव्हा काय होते? पुष्कळ देवनागरी टंकांना इटालिक रूप नसतेच. र. कृ. जोशी यांनी आखलेल्या आणि विंडोजमुळे सर्वत्र पोहोचलेल्या ‘मंगल’ टंकाचे साधे आणि ठळक रूप आहे, इटालिक नाही. अशा वेळी संगणक पत्त्यांचा कॅट सरकवतो. रूप तेच, रुंदी तीच, फक्त कल. इटालिकच्या तीन गुणांपैकी जो सर्वांत कमी कामाचा, तेवढाच पदरात पडतो.

देवनागरीत त्याचे दुष्परिणाम रोमन लिपीपेक्षाही अधिक आहेत. रोमन अक्षर तळरेषेवर उभे असते, म्हणून तळरेषा धरून त्याला झुकवणे निदान समजण्यासारखे आहे. देवनागरी अक्षर शिरोरेघेला लटकलेले असते. ते तळाशी धरून झुकवले की शिरोरेघेच्या वरचे सगळे काही, म्हणजे मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, उजवीकडे सरकते आणि पुढच्या अक्षराच्या हद्दीत जाते. उकार डावीकडे सरकतो. ‘सर्व’, ‘कार्य’ अशा शब्दांतील रफार नेमका कोणाचा, हे लहान आकारात ओळखणे कठीण होते. अशी मुद्रिते आमच्या हाती वारंवार येतात, आणि त्यांत चूक शोधण्याआधी अक्षर शोधावे लागते.

आणखी एक सूक्ष्म मुद्दा आहे. देवनागरीच्या परंपरागत बोरूचे टोक रोमन परंपरेतील लेखणीच्या उलट दिशेने तिरके छाटलेले असते. त्यामुळे गोलाईत जाड-बारीकपणाचा कलही उलट पडतो. सरकवलेल्या कॅटात वरचे उजवे आणि खालचे डावे अंग जाड होते, हे आपण पाहिले. रोमन लेखणी नेमकी तिथेच जाड रेषा उमटवते, म्हणून तिथे हा कल निदान लेखणीच्या बाजूने काम करतो. देवनागरीत बोरू त्याच जागी बारीक रेषा देतो. म्हणजे यांत्रिक कल येथे अक्षराच्या मूळ घडणीविरुद्ध काम करतो, आणि ‘व’, ‘ब’, ‘क’ यांची पोटे निस्तेज दिसतात.

एक गैरसमज येथे दूर करावा. शिरोरेघ आडवी आणि सपाट असते, म्हणून ती देवनागरीची स्लॅब-सेरिफ आहे असे कधीकधी म्हटले जाते. हे बरोबर नाही. सेरिफ काढली तरी रोमन अक्षर तेच राहते. शिरोरेघ ही मात्र अक्षराच्या घडणीचा भाग आहे. ती ‘भ’ला तुटलेली आणि ‘म’ला अखंड असते, आणि तेवढ्यावरूनही ती दोन अक्षरे ओळखण्यास मदत होते.

मग मराठी मजकुरात वेगळेपणा कसा दाखवावा? मराठी मुद्रणात ग्रंथनामासाठी एकेरी अवतरणचिन्हे आणि भर देण्यासाठी ठळक ठसा वापरण्याची रूढी आहे. ती गरिबीतून आलेली तडजोड आहे असे मानू नये. आपल्या लिपीला जे झेपते ते तिने निवडले आहे. एखाद्या टंकात रचनाकाराने देवनागरीसाठी स्वतंत्र तिरपे रूप आखलेले असेल, मात्रा आणि रफार पुन्हा बसवलेले असतील, तर ते अवश्य वापरावे. नसेल तर बटण दाबू नये. द्वैभाषिक पानावर रोमन लिपीतील ग्रंथनाम मात्र त्या लिपीच्या रिवाजाप्रमाणे इटालिकमध्येच द्यावे. तिथे सारख्या जाडीच्या देवनागरी टंकाशेजारी लेखणीच्या वळणाचा इटालिक स्लॅब-सेरिफ चांगला शोभतो. दोन्हींच्या रेषांचे वजन जुळते आणि पानाचा करडेपणा एकसारखा राहतो. केसासारख्या रेषांचा पुस्तकी इटालिक तिथे फिका पडतो. पानाची मांडणी ठरवताना हे जुळवून पाहावे, मुद्रित हातात आल्यावर नव्हे.

स्वयं-अध्ययनासाठी

१. तुमच्या संगणकावर एक स्लॅब-सेरिफ टंक निवडा. त्याच्या उभ्या आणि इटालिक रूपांतील स्मॉल ‘ए’, ‘एफ’ आणि ‘एन’ मोठ्या आकारात शेजारी ठेवा. कोणती पट्टी टिकली, कोणती अर्धी झाली, कोणती गेली, हे लिहून काढा. त्यावरून तो इटालिक दोहोंपैकी कोणत्या रीतीचा आहे ते ठरवा.

२. ‘धर्मकार्यार्थ पूर्वीची वर्गणी’ हे शब्द मंगल टंकात बारा पॉइंटांत टंकून प्रथम ठळक आणि नंतर इटालिक करा. दोन्ही छापून हातभर अंतरावरून वाचा. कोणत्या अक्षराशी डोळा अडला आणि का, ते आठ-दहा ओळींत सांगा.

३. घरातील कोणताही मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडा. एका नोंदीत किती प्रकारचे ठसे आले आहेत आणि प्रत्येकाकडे कोणते काम सोपवले आहे, याचे टिपण करा.